वीज पडते, पण वणवा कोण लावतं?

पिशोरच्या माणसाला वणवा नवा नाही. इथल्या कन्नड तालुक्यातल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं जंगल पानगळीचं, शुष्क. फेब्रुवारीपासून पाचोळ्याचा थर साचतो, गवत वाळतं आणि ठिणगी पुरते. ही ठिणगी आभाळातून क्वचितच येते. आपल्याकडे वीज कडाडते ती बहुतेकदा वळवाच्या सरींसोबत, त्यामुळे पेटलेलं झाड तिथेच विझतं.

कॅलिफोर्नियात उलट घडलं. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजा कोसळल्या. ढग उंचावर आणि खालची हवा इतकी कोरडी, की पाऊस जमिनीवर पोचण्याआधीच विरून गेला. विजेने लागलेल्या अनेक आगी एकमेकींना मिळाल्या आणि ‘ऑगस्ट कॉम्प्लेक्स’ नावाच्या त्या वणव्याने दहा लाख एकरांहून जास्त क्षेत्र गिळलं. तो आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला.

एवढी आग पाण्याने विझत नाही. तिचं खाद्य तोडावं लागतं. म्हणून आगीच्या वाटेतलं गवत-पाचोळा काढून मातीचा मोकळा पट्टा तयार करतात. कधी त्या पट्ट्याच्या कडेने मुद्दाम उलटी आग लावतात. आपला वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, त्यामागचं तत्त्व हेच. उपग्रहांना उष्णतेचे ठिपके दिसले की सूचनाही येतात, पण डोंगरउतारावर ब्लोअर आणि हिरव्या फांद्या घेऊन माणसांनाच जावं लागतं.

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणूसच लावतो: मोह वेचायला, नवं गवत यावं म्हणून, नाहीतर फेकलेल्या विडीने. अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.