उन्हाळ्यातली परसबाग आणि तिथं येणारे पाहुणे



होळी झाली की आपल्या परसदारी दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. एकीकडं भाजीची पानं दुपारी माना टाकायला लागतात. दुसरीकडं पाहुणे वाढतात. मोरीजवळ बेडूक, नळाखाली साळुंक्या, खुराड्याच्या आसपास मुंगूस, आणि जळणाच्या ढिगात कधीतरी साप.

या दोन्हींचं कारण एकच आहे. शिवार कोरडं पडलं, ओढा आटला, पिकं निघाली. आता ओलावा, सावली आणि खाणं या तिन्ही गोष्टी कुठं उरल्या? आपल्या घरामागं. म्हणून सगळे तिकडंच येतात. त्यातले बरेचसे आपल्या कामाचे असतात, काहींपासून मात्र जपायला लागतं. परसबाग टिकवायची, कामाचे पाहुणे राखायचे आणि घरातल्या माणसांचा जीवही सांभाळायचा, हे तिन्ही एकत्र कसं जमवायचं ते या अंकात बघू.

थोड्या पाण्यात भाजी

उन्हाळ्यात सगळंच लावायचा हट्ट करू नका. भेंडी, गवार, चवळी ऊन सोसतात. पालेभाजीत तांदुळजा, राजगिरा, अंबाडी. बांधाला शेवगा आणि हादगा, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी. दुधी, दोडका, कारली, काकडी यांचे वेल मार्चच्या आत मांडवावर चढले तर बरं, कारण उशिरा लावलेल्या वेलांची फुलं कडक उन्हात गळतात. कोथिंबीर हवी असेल तर धने रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा आणि झाडाखाली किंवा जुन्या साडीच्या सावलीत पेरा. मे महिन्यात बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना हात आखडतो, तेव्हा या चार हात वाफ्याची किंमत कळते.

पाणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर द्यावं. दुपारी दिलेलं पाणी मुळाशी पोचायच्या आत उडून जातं. वाफ्यावर वाळलेला पालापाचोळा, भुसकट, उसाचं पाचट यांचा चार बोटं थर द्या. त्यानं माती झाकली जाते, ओल टिकते आणि तणही कमी येतं. थर खोडाला मात्र चिकटवू नका, बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा.

वेलांसाठी मडक्याचं पाणी सगळ्यात स्वस्त. मातीचं, रंग न लावलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती तीन-चार बिया लावायच्या, मडकं भरून वर झाकण ठेवायचं. पाणी मडक्यातून पाझरतं, मुळं तिकडंच वळतात. दोन-चार दिवसांनी बघून परत भरायचं. जुना माठ वापरणार असाल तर आधी भरून तासभर ठेवा. बाहेरून घाम सुटला तर चालेल. कोरडाच राहिला तर त्याची छिद्रं बुजली आहेत, तो पुरून उपयोग नाही.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी थेट वाफ्यात जाऊ द्या. आंघोळीचं आणि कपड्यांचं साबणाचं पाणी केळी, कर्दळ, अळूला द्यावं. कोथिंबीर-मेथीसारख्या भाजीच्या पाल्यावर ते ओतू नये.

फुलं भरपूर, फळ नाही

"वेल नुसता फुलतोय, दुधी एक धरंना," ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. वेलावर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं. मादी फुलाच्या मागं बारकं फळ दिसतं, नर फुलाला नुसता देठ. आधी नर फुलं येतात, आणि उन्हाळा कडक असला की मादी फुलं कमीच येतात. त्यात नर फुलाचे परागकण मादी फुलापर्यंत न्यायला मधमाशी किंवा पाकोळी लागते. ती नसली तर बारकं फळ पिवळं पडून गळतं.

प्रत्येक वेलाची वेळ वेगळी. काकडी, कारली, भोपळा आणि गिलक्याची फुलं सकाळी उमलतात, तिथं मधमाश्या येतात. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तिथं रात्रीचे पतंग काम करतात. ते येत नसतील तर आपण करायचं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. काकडीला सकाळी, दुधीला संध्याकाळी. दोन मिनिटांचं काम आहे, मुलांना सांगितलं तर आनंदानं करतात.

पहिलं चांगलं फळ बियाण्यासाठी वेलावरच राखा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परसातूनच गावरान बियाणं जपायला सुरुवात केली. पुढं 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणं घरचं असलं की पुढच्या वर्षी दुकानात हात पसरावा लागत नाही.

कामाचे पाहुणे

चिमणी दाणे खाते हे आपल्याला माहीत आहे. पण पिल्लांना ती अळ्या आणि किडेच भरवते. उन्हाळा हाच बुलबुल, दयाळ, शिंपी अशा कितीतरी पक्ष्यांचा घरटी करायचा काळ. म्हणजे नेमकं आपल्या भेंडीवर अळी पडते तेव्हा त्यांना अळीची गरज असते. शिंपी पक्षी तर रुंद पानाच्या कडा शिवून त्यात घरटं करतो. असं शिवलेलं पान दिसलं तर रोग समजून तोडू नका.

बेडूक रात्रभर किडे टिपतो. सरडा मुंग्या आणि किडे खातो. पाल विषारी नाही, ती दिव्याखालचे डास आणि पतंग संपवते. ठिपक्यांचा लाल ढालकिडा आणि त्याची काळसर अळी मावा खातात. चतुर उडता उडता डास पकडतो. एवढे मजूर बिनपगारी राबत असताना उठसूट विषारी औषध मारलं तर किडीआधी हेच मरतात, आणि कीड परत आली की तिला खाणारं कुणी उरत नाही.

कीड फारच वाढली तर निंबोळी अर्क करा. वाळलेल्या निंबोळीची 50 ग्रॅम भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी फडक्यातून गाळायची, पाणी घालून 1 लिटर करायचं आणि चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवायचा. ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं. उमललेल्या फुलांवर मारायचं नाही.

साळुंकी आणि बुलबुल टोमॅटो टोचतात, ते बऱ्याचदा तहानेपोटी. पाणी ठेवलं की हा त्रास कमी होतो.

पाणी ठेवा, पण जागा बघून

पसरट मातीचं भांडं घ्या, त्यात दोन-तीन खडे ठेवा. खड्यांवर बसून मधमाशी पाणी पिते, नाहीतर ती बुडते. भांडं उघड्यावर ठेवा, म्हणजे दबा धरलेलं मांजर पक्ष्यांना दिसेल. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा भांडं घासून उन्हात कोरडं करा. डासाची अंडी-अळी-कोष-डास ही फेरी साधारण आठवड्या-दहा दिवसांत पुरी होते. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळला तर ती मधेच तुटते.

हे भांडं झोपायच्या जागेजवळ, जळणाच्या ढिगाशेजारी किंवा खुराड्याखाली ठेवू नका. पाण्याला बेडूक येतो आणि बेडकामागं साप येतो. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतो, त्याच्याही मागं साप येतो. साप आपल्याला चावायला येत नाही, तो जेवायला येतो. त्याचं जेवण आपल्या अंथरुणापासून लांब ठेवणं आपल्या हातात आहे.

सापाचं काय करायचं?

धामण उंदीर खाते, ती बिनविषारी आहे. आपल्याकडं माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळं.

• नाग : फणा काढतो.
• मण्यार : काळा, तुकतुकीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे. रात्री फिरतो.
• घोणस : जाड, अंगावर साखळीसारखे गडद ठिपके. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकतो.
• फुरसं : लहान, अंगावर अंग घासून करकर आवाज करतं. कोकणात जास्त.

ओळख पटत नसेल तर सगळ्यांनाच लांबून नमस्कार. मारायला जाऊ नका. मारताना माणूस जवळ जातो आणि तिथंच चावा बसतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, सापाला मारणं गुन्हा ठरतो. गावातल्या सर्पमित्राला किंवा वनरक्षकाला बोलवा.

आपल्या रोजच्या कामात धोका कुठं आहे ते बघा. गोवरी काढताना, जळणाचा फाटा ओढताना, वैरणीची पेंढी उचलताना आणि खुराड्यात अंडं चाचपताना आपण हात आधी घालतो आणि नजर नंतर टाकतो. हे उलटं करायचं. आधी काठीनं वाजवायचं, मग बघायचं, मग हात. जळण भिंतीला टेकवून रचू नका. चार दगड ठेवून जमिनीपासून वीतभर वर, घरापासून थोडं लांब रचा. रात्री परसाकडं जाताना बॅटरी आणि पायात चप्पल हवीच.

उन्हाळ्यात आपण अंगणात झोपतो. जमिनीवर अंथरूण टाकणाऱ्यांना मण्यारची भीती सगळ्यात जास्त. खाट वापरा. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचा. डासही आत येत नाहीत आणि सापही.

चावलाच तर

मण्यारचा दंश मुंगी चावल्यासारखा असतो. कधी खूणही दिसत नाही, सूज येत नाही. पहाटे कुणाच्या पोटात कळ आली, पापण्या जड होऊन डोळे मिटायला लागले, थुंकी गिळता येईना, तर "काल काहीतरी खाण्यात आलं असेल" म्हणत बसू नका. दवाखाना गाठा.

काय करायचं:
• माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका.
• बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत आणि रक्त अडतं.
• 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं निघा.
• उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

काय करायचं नाही:
• दोरीनं आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही.
• मिरची किंवा पाला खायला देऊन पारख करायची नाही.
• भगताकडं, देवळात वेळ घालवायचा नाही. साप बिनविषारी असला की मंत्रानं उतरलं असं वाटतं. विषारी असला तर तो गेलेला तास परत मिळत नाही.
• साप पकडून न्यायचा नाही. या चारही सापांच्या विषावर दवाखान्यात एकच लस चालते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

विंचवाचंही हलक्यात घेऊ नका. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं झालं तर विष हृदयावर चढतंय असं समजा. लहान मुलांना धोका जास्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी यावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं आणि कितीतरी जीव वाचले. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. पण औषध लागू पडायला माणूस वेळेत दवाखान्यात पोचला पाहिजे.

20 रुपयांचा विमा

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या बचत खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये कापले जातात. वय 18 ते 70. अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात, आणि सर्पदंश त्यात धरतात. अट एवढीच, की दवाखान्याची नोंद हवी. भगताकडची नोंद चालत नाही. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे शिल्लक ठेवा. खातं रिकामं असेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो.

शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. त्यातही सर्पदंश आणि विंचूदंश येतात. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी.

या महिन्याच्या बैठकीत

बचतीचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं यासाठी काढा.

1. सर्पदंशाची लस आत्ता कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, हे एका ताईनं आशाताईंकडून विचारून यावं आणि गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.
2. रात्री-अपरात्री गाडी काढू शकणाऱ्या गावातल्या दोघांचे आणि सर्पमित्राचा असे तीन नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये भरावेत.
3. सगळ्या जणींनी पासबुक आणावं. 20 रुपये कापल्याची नोंद आहे का बघावं. नसेल तर बँक सखीकडून फॉर्म भरून घ्यावा.
4. ज्यांच्याकडं गावरान बियाणं आहे त्यांनी मूठभर आणावं, ज्यांच्याकडं नाही त्यांनी न्यावं. पुढच्या वर्षी दोन मुठी परत करायच्या. त्यावर व्याज नाही!
5. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीनं जळणाचा ढीग भिंतीपासून हलवावा. एकटीला जमत नसेल तर दोघी-तिघींनी मिळून एकेकीच्या घरी जावं.

ज्या गटात पाचही कामं पुरी होतील, त्यांनी ग्रामसंघाच्या सभेत तसं सांगावं. पुढच्या अंकात पावसाळ्याच्या तोंडावर परसबागेचे वाफे कसे बांधायचे ते बघू.