कापडावरचा कर कोण ठरवतो?
जी.एस.टी. कौन्सिलचा कारभार आणि आपला धंदा

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आमच्या कोरेगाव भीमा येथे कापडाच्या दुकानात बसले की एक तक्रार हमखास कानावर येते. कर दिल्लीवाले लावतात, आपल्या हातात काय आहे? कापड व्यापारी, शिलाई कारागीर, रंगारी सगळे हेच बोलतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तूंवरील कराचे दर एकट्या दिल्लीत ठरत नाहीत आणि एकट्या मुंबईतही ठरत नाहीत. ते ठरतात जी.एस.टी. कौन्सिलमध्ये. ही बैठक चालते कशी हे समजून घेतल्याशिवाय अर्ज कोणाकडे करायचा हेही समजणार नाही.

घटनेत २०१६ साली १०१ वी दुरुस्ती झाली, तिच्यातून कलम २७९-अ आले आणि ही परिषद जन्माला आली. केंद्रीय अर्थमंत्री तिचे अध्यक्ष. केंद्राचे अर्थ राज्यमंत्री आणि विधिमंडळ असलेली राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून ३१ ठिकाणचे मंत्री सदस्य असतात. आता मतांचा हिशेब पाहा. एकूण मतांच्या वजनापैकी एक-तृतीयांश केंद्राकडे आणि दोन-तृतीयांश सर्व राज्यांकडे मिळून, तेही सारखे वाटून. ठराव मंजूर होण्यासाठी हजर राहून मत देणाऱ्यांच्या वजनापैकी किमान तीन-चतुर्थांश पाहिजे.

म्हणजे केंद्राकडे ३३ टक्क्यांहून थोडे अधिक आणि एकेका राज्याकडे सव्वादोन टक्क्यांहूनही थोडे कमी. सगळे हजर असतील तर केंद्राला आपल्यासोबत किमान २० राज्ये लागतात. उलट सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राच्या रजामंदीशिवाय ठराव होत नाही, कारण त्यांचे वजन दोन-तृतीयांशाच्या पुढे जात नाही. आणि केंद्राला अडवायचे असेल तर १२ राज्यांनी विरोधात मत दिले की पुरे. यात महाराष्ट्राचे वजन आणि सिक्कीमचे वजन एकच! एवढा कर भरणाऱ्या राज्याला हे खटकणारच, पण कायदा असा आहे.

युरोपीय संघात २७ देशांचे मंत्री असेच एकत्र बसतात. अर्थाचा विषय असेल तर अर्थमंत्री, शेतीचा असेल तर शेतीमंत्री. तेथे बहुतेक विषयांत १५ देश आणि त्यांची मिळून संघाच्या ६५ टक्के लोकसंख्या, असे दुहेरी माप लावतात. म्हणून जर्मनीसारख्या मोठ्या देशाचा शब्द जड पडतो. मात्र कराचा प्रश्न आला की तेथे सर्वांची संमती लागते. माल्टासारखा लहानसा देशही एकटा ठराव अडवू शकतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. लहान-मोठे सारखे, पण एकट्याला अडवता येत नाही. त्याला सोबती जमवावे लागतात.

प्रत्यक्षात मतदान क्वचितच होते. पहिले मतदान १८ डिसेंबर २०१९ रोजी लॉटरीवरील करासाठी झाले; २१ राज्ये एका बाजूला, ७ दुसऱ्या बाजूला. एरवी बोलून, घासाघीस करून निर्णय होतात. त्याआधी अधिकाऱ्यांची फिटमेंट समिती आणि मंत्र्यांचे गट प्रस्ताव चाळून काढतात. खरा सौदा तेथे होतो असे माझे मत आहे.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. कृत्रिम धाग्यावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के अशी उलटी रचना कित्येक वर्षे होती. विणकराने १०० रुपयांचा धागा घेतला तर १२ रुपये कर दिला. त्याचे कापड १५० ला विकले तर साडेसात रुपये वसूल झाले. साडेचार रुपये सरकारकडे अडकले. १ ऑगस्ट २०१८ पूर्वी कापडावर हा परतावाही मिळत नव्हता. हे दुरुस्त करण्यासाठी लखनौच्या १७ सप्टेंबर २०२१ च्या बैठकीत पाऊल उचलले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून कापड व कपडे १२ टक्क्यांवर नेण्याची अधिसूचना निघाली. धाग्याचा दर खाली आणण्याऐवजी कापडाचा वर! व्यापारी पेठांतून ओरड झाली. गुजरात, पश्चिम बंगाल, तामिळनाडू, राजस्थान, दिल्ली या परस्परविरोधी पक्षांच्या सरकारांनी एकच मागणी केली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे दर लागू होण्याच्या आदल्या दिवशी, कौन्सिलने कापडावरील वाढ पुढे ढकलली.

पुढे ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत उलटी गाठ दुसऱ्या टोकाने सुटली. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धागा ५ टक्क्यांवर आला. शिवलेला कपडा नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर मात्र १८ टक्के. लग्नसराईचा शेरवानी-लेहंगा विकणाऱ्यांनी ही रेषा लक्षात ठेवावी. साडी ही न शिवलेली असल्याने कापडात मोडते, तिला ही किमतीची रेषा लागत नाही.

कौन्सिल जे ठरवते ती शिफारस असते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी स्पष्ट केले की ती केंद्र वा राज्यांच्या विधिमंडळांवर बंधनकारक नाही. पण दर प्रत्यक्षात अधिसूचनेनेच लागू होतो, म्हणून वर्तमानपत्रातील बातमी वाचून बिलाचे दर बदलू नयेत. अधिसूचनेची तारीख पाहावी.

अर्ज करायचा तर व्यापारी संघटनेमार्फत राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे करावा, आणि बैठकीची विषयपत्रिका पक्की होण्याआधी करावा. त्यात धाग्यापासून विक्रीपर्यंतचा एका नगाचा हिशेब आकड्यांत मांडावा, कारण फिटमेंट समितीला तक्रारीपेक्षा आकडे उपयोगी पडतात. ३१ डिसेंबर २०२१ रोजी कापड वाचले, पण त्याच लखनौच्या निर्णयातील पादत्राणे वाचली नाहीत. हजार रुपयांपर्यंतच्या चपला-बुटांवर ५ चे १२ टक्के दुसऱ्या दिवसापासून लागू झाले आणि ते पुन्हा ५ वर यायला सप्टेंबर २०२५ उजाडला.