जड पेटी ओढावी की ढकलावी?
पेटी जमिनीवरून घासत न्यायची असेल तर ओढणं सोपं, पण दोर वर तिरका धरायला हवा. वाकून ढकलताना आपल्याच जोराचा काही भाग पेटीला खाली दाबतो. फरशीवरचा भार वाढतो, तसं घर्षणही वाढतं. तिरक्या दोराने ओढताना उलट घडतं: पेटीचा थोडा भार दोर पेलतो. १०० किलोची पेटी, घर्षणांक ०.४ आणि कोन ३० अंशांचा धरला, तर ढकलायला सुमारे ६० किलोइतका जोर लागतो, ओढायला ३८ च्याही आत. हा फरक थोडाथोडका नाही! जोर अगदी आडवा लावला, तर मात्र दोन्हीकडे सारखाच, ४० किलो.

चाकं असली की हिशेब बदलतो. घर्षण मुळातच कमी, त्यामुळे आधी पाठ सांभाळायची. ढकलताना अंगाचा भार पुढे टाकता येतो, पाय रेटा देतात. एका हाताने मागे ओढताना कंबर पिळवटते, गाडी टाचेवर येते. म्हणून सपाट जागी हातगाडी ढकलावीच. उंबरठा आला तर वळवून ओढून घ्यावी. वरच्या ओढीने चाक चटकन चढतं.