सायलेन्सर बदलताना

‘सायलेन्सर’ या शब्दाचा अर्थ शांत करणारा. तरीही बाजारात त्याची निवड आज पुष्कळदा आवाज ऐकूनच केली जाते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा व्यापार वाहनांच्या सुट्या भागांचा आहे आणि बुलेटवर जीव असणारे तरुण तर घरोघरी आहेत. त्यामुळे हा विषय गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी आपलाच आहे.

सिलिंडरमध्ये इंधन जळाल्यावर तापलेले वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतात. सायलेन्सरच्या पोटातील छिद्रांच्या नळ्या आणि आडवे पडदे त्यांना वळसे घालायला लावतात, दाब उतरवतात व मगच हवेत सोडतात. बाजारात ‘इंदोरी’, ‘पंजाबी’ अशा नावांनी मिळणाऱ्या कित्येक सायलेन्सरांत हे पडदे नावापुरतेच असतात. गाडी ‘मोकळी’ झाल्यासारखी वाटते ती मुख्यतः कानाला. आणि ते ‘फटाके’? चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद केली, की न जळलेले इंधन तापलेल्या नळीत जाते व तेथे भडकते. हा पराक्रम नसून इंधनाची नासाडी आहे.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाईपमध्ये, तर काहींत सायलेन्सरच्याच पोटात असतो. तो कोठे आहे हे न पाहता नवा पाईप बसवला, तर आवाजाबरोबर विषही मोकळे सुटते.

१७५ सीसीहून मोठ्या मोटारसायकलीला मान्यता देताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल धरली जाते. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज-प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि परवानाही तीन महिने अपात्र ठरतो. जप्त सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरल्याची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहिलीच आहेत.

दंड भरणारा बहुधा ग्राहक असतो. विक्रेत्याचे काय? श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण आहे : ज्यातून कोणतेही प्रयोजन साधत नाही, अशी हिंसा टाळणे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत ‘प्रमादचर्या’ आहे, तसेच ‘हिंसादान’ही आहे, म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. आचार्यांच्या डोळ्यांपुढे शस्त्रे, विष, अग्नी होते, हे खरे. पण रस्त्याच्या कडेने पायी विहार करणाऱ्या साध्वींच्या पाठीशी अचानक फटाका फुटतो, रुग्णालयातले तान्हे मूल दचकते, रस्त्यावरचा कुत्रा बिथरून गाड्यांत शिरतो. तेव्हा पडदे काढलेला पाईप कोणत्या सदरात घालायचा? ‘आम्ही नाही विकला तर शेजारचा विकेल’ हे उत्तर मला पटत नाही. शेजारी तर मद्यही विकतो. आपण विकत नाही.

सायलेन्सर बदलणेच वाईट, असे मात्र मुळीच नाही. गंजून भोक पडलेला सायलेन्सर बदललाच पाहिजे. आपल्या मॉडेलसाठीचा, मान्यताप्राप्त भाग घ्यावा आणि बिलावर त्याचा क्रमांक लिहून मागावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे. हेडजवळची गॅस्केट नवी घालावी. जुनी दाबली गेलेली असते. ऑक्सिजन सेन्सरची वायर ओढू नये. सर्व बोल्ट आधी सैल लावून पाईप ताणाविना बसतो का पाहावे, मग हेडकडून मागे आवळत यावे. सेन्सरच्या आधीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली, तर सेन्सर मिश्रण पातळ समजतो, इंधन वाढते आणि मायलेज घटते. ग्राहक दोष मग इंजिनाला देतो.

जुना सायलेन्सर भंगारात घालण्यापूर्वी त्यात कन्व्हर्टर आहे का, हे विचारून घ्यावे. भंगारवाला लोखंडाच्या वजनाचा भाव सांगतो; आत प्लॅटिनमच्या गटातले धातू असतात, हे त्याला पुरते ठाऊक असते.