वगळलेली चाचणी

सुतार बिजागरी वेगळी पारखतो, कडी वेगळी पारखतो. परंतु दार चौकटीत बसवून उघडून-मिटून पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. सुटे भाग निर्दोष ठरले, तरी ते एकमेकांशी आणि भोवतालच्या यंत्रणेशी जुळतात की नाही, हे पाहण्यासाठी संयुक्त चाचणी घ्यावी लागते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याच्याभोवती डेबियन, उबुंटू, फेडोरा, अल्पाइन अशी अनेक वितरणे उभी राहिली. गाभा एक, पण संसार निराळे! डेबियनचा पाया ग्लिबसी हा संग्रह, तर अल्पाइनचा मसल. एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक उपकामाला ग्लिबसी बहुधा ८ मेगाबाइट जागा राखते, मसल अवघी १२८ किलोबाइट. त्यामुळे डेबियनवर उतरलेली चाचणी अल्पाइनवर कोसळू शकते. असे अपयश दर वेळी येत असेल, तर त्याला निश्चित कारण असते आणि ते शोधलेच पाहिजे.

चंचल चाचणीची गोष्ट वेगळी. आज्ञावलीत एक अक्षरही न बदलता ती सकाळी उतरते आणि सायंकाळी नापास होते. कधी यंत्रावर भार असतो, कधी जाळ्यावरून उत्तर उशिरा येते. गूगलने २०१६ साली आपल्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत असा चंचलपणा असल्याचे सांगितले होते.

यात धोका कोणता? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. खोट्या हाकांना सरावलेला माणूस खऱ्या हाकेलाही उठत नाही. शिवाय डेबियनमध्ये एका संग्रहाची सुधारणा झाली की त्यावर अवलंबून असलेल्यांच्याही चाचण्या होतात. तेथे एक चंचल चाचणी दुसऱ्याचीच उपयुक्त दुरुस्ती अडवून धरते.

म्हणून डेबियनने दोन सोयी ठेवल्या आहेत. चंचल म्हणून नोंदलेली चाचणी चालते, पण तिचे अपयश वाट अडवीत नाही. आवश्यक साधन नसल्यास, तशी मुभा आधी नोंदलेली चाचणी ७७ हा अंक देऊन थांबते. त्याचा अर्थ 'उत्तीर्ण' नव्हे, तर 'परीक्षा झालीच नाही'.

हा भेद जपणे हेच मर्म होय. जेथे चाचणी डळमळते, तेवढ्याच वितरणापुरती ती वगळावी, कारण शेजारीच लिहावे आणि ते दूर होताच तिला परत बोलवावे. कारणावाचून वगळलेल्या चाचणीआड खरा दोष निर्धास्त राहतो. आणि त्याची पहिली गाठ पडते, ती बेसावध वापरणाऱ्याशी.