टक्के नसलेला निकाल

न्यूझीलंडमधले शालेय वर्ष डिसेंबरात संपते आणि निकाल जानेवारीच्या मध्यावर, ऐन उन्हाळी सुट्टीत लागतो. ऑकलंडच्या एखाद्या मराठी घरात मुलगी संगणकावर निकाल उघडते, आई तो लगेच पुण्याला कळवते आणि फोनवर आजोबांचा पहिला प्रश्न येतो, "टक्के किती पडले?" याला सरळ उत्तर नसते. निकालात टक्के नाहीत, बेरीज नाही, वर्गातला क्रमांक नाही. आहे ती एक लांबलचक यादी. इंटिग्रेशन, सहा क्रेडिट, मेरिट. इंग्रजीतले भाषण, तीन क्रेडिट, एक्सलन्स. अशा वीस-पंचवीस ओळी. आई म्हणते, "छान लागलाय निकाल, बाबा." आजोबांचे समाधान होत नाही, आणि खरे सांगायचे तर आईचेही पुरते झालेले नसते.

या पद्धतीचे नाव नॅशनल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशनल अचीव्हमेंट, रोजच्या बोलण्यात एनसीईए. २००२ मध्ये ती पहिल्या पातळीवर सुरू झाली, २००३ मध्ये दुसऱ्या आणि २००४ मध्ये तिसऱ्या. तिथली इयत्ता अकरावी, बारावी आणि तेरावी अशी ही तीन वर्षे. तिथली अकरावी वयाने आपली दहावी. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हीच पद्धत मोडीत काढण्याचा बेत जाहीर केला. गुणांची शर्यत नको म्हणून मोठ्या हौसेने उभारलेली व्यवस्था दोन दशकांत गुणांकडे का वळते, हे दहावीच्या टक्क्यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी पाहण्याजोगे आहे.

आधी काय होते, ते पाहिल्याशिवाय हा खटाटोप कळत नाही. स्कूल सर्टिफिकेट ही जुनी परीक्षा १९३० च्या दशकातली. तिच्यात गुण मिळत, पण ते जसेच्या तसे नाही. कोणत्या विषयात किती जणांना पास करायचे, हे त्या विषयाला बसणारी मुले इतर विषयांत कशी आहेत यावरून ठरे. परिणामी लॅटिन किंवा फ्रेंच घेणाऱ्यांचा पास होण्याचा वाटा मोठा, आणि माओरी भाषेच्या पेपरात, जी मुलांची घरची भाषा असू शकते तिच्यात, नापासांचे प्रमाण भरमसाट. पुढच्या वर्षाच्या सिक्स्थ फॉर्म सर्टिफिकेटची तऱ्हा आणखी अजब. प्रत्येक शाळेला श्रेणींचा कोटा मिळे, आणि तो त्या मुलांच्या आदल्या वर्षीच्या स्कूल सर्टिफिकेटच्या निकालावरून बांधलेला असे. म्हणजे वर्ग यंदा कितीही झटून शिकला तरी एकूण श्रेणी तेवढ्याच; एकाला वर चढवायचे तर दुसऱ्याला खाली उतरवणे भाग. वर्षभर वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या शिक्षकांना याचा संताप येत असे, तो रास्तच होता.

उत्तर असे निघाले: मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी नको, आधी लिहून ठेवलेल्या निकषाशी करा. प्रत्येक विषयाचे लहान लहान तुकडे केले गेले. त्यांना तिथे स्टँडर्ड म्हणतात. प्रत्येकात काय जमले पाहिजे ते शब्दांत मांडलेले असते आणि निकाल चारच प्रकारचा: नॉट अचीव्ह्ड, अचीव्ह्ड, मेरिट, एक्सलन्स. व्यवसायाकडे झुकणाऱ्या बऱ्याचशा युनिट स्टँडर्डमध्ये तर फक्त जमले किंवा नाही जमले. प्रत्येक स्टँडर्डला क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे ढोबळ मानाने दहा तासांचे शिकणे. काही स्टँडर्ड शाळेतच तपासली जातात, ती इंटर्नल. काही वर्षअखेरीच्या राष्ट्रीय परीक्षेत, ती एक्सटर्नल. १९९० मध्ये स्थापन झालेली न्यूझीलंड क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटी हे सगळे चालवते.

तिसऱ्या पातळीचे कॅल्क्युलस घ्या. डिफरन्सिएशन सहा क्रेडिट, इंटिग्रेशन सहा, कॉम्प्लेक्स नंबर्स पाच; हे तिन्ही नोव्हेंबरच्या परीक्षेत. त्रिकोणमिती चार, शंकुच्छेद तीन, लिनिअर प्रोग्रॅमिंग तीन. हे शाळेतच, वर्ष चालू असताना. शाळा यातले काय शिकवायचे ते निवडते, आणि परीक्षेच्या दिवशी कोणता भाग सोडवायचा आणि कोणता कोरा ठेवायचा हे मूलही ठरवू शकते. कॉम्प्लेक्स नंबर्सची भीती वाटते, तर ती पुस्तिका उघडायची नाही; बाकीच्या दोन नीट सोडवायच्या. आपल्याकडे "तो धडा ऑप्शनला टाकला" म्हणतात, त्याला तिथे नियमाची मान्यता आहे.

उत्तरपत्रिका तपासण्याची रीतही पाहण्यासारखी. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते आठ यांतला एक आकडा: तीन-चार म्हणजे अचीव्ह्ड, पाच-सहा मेरिट, सात-आठ एक्सलन्स. दहा सोपी गणिते बरोबर सोडवून एक्सलन्स मिळत नाही. विचाराची खोली दाखवावी लागते. तपासलेली उत्तरपत्रिका मूल स्वतः पाहू शकते आणि निकाल पटला नाही तर फेरविचार मागू शकते. छायाप्रतीसाठी अर्ज आणि शुल्क भरणाऱ्या आपल्या मुलांना याचा हेवा वाटावा. इंटर्नलमध्ये अगदी किरकोळ चूक राहिली आणि त्यामुळे नापास होत असेल, तर ती दुरुस्त करून देता येते. शाळेने ठरवले तर वर्षात आणखी एक संधीही मिळते.

सुरुवातीपासून पहिल्या पातळीला ऐंशी क्रेडिट लागत. दुसरी आणि तिसरी पातळी गाठायला त्या पातळीची साठ, आणि वरची वीस खालून आणता येत. २०२४ पासून हिशेब बदलला: प्रत्येक पातळीला साठ, आणि एकदाच मिळवायची वीस क्रेडिट वाचन, लेखन आणि अंकज्ञानाची. पन्नास क्रेडिट एक्सलन्सची असली तर प्रमाणपत्रावर तसा शेरा येतो.

पण विद्यापीठाच्या दारात भाषा बदलते. युनिव्हर्सिटी एन्ट्रन्ससाठी तिसरी पातळी हवी आणि मान्यताप्राप्त तीन विषयांत प्रत्येकी चौदा क्रेडिट हवीत. शिवाय भाषा आणि अंकज्ञानाची अट वेगळी. त्यानंतर ऑकलंडसारखी विद्यापीठे रँक स्कोअर काढतात. तिसऱ्या पातळीची सर्वोत्तम ऐंशी क्रेडिट घ्यायची, एक्सलन्सला चार, मेरिटला तीन, अचीव्ह्डला दोन, कमाल बेरीज तीनशे वीस. म्हणजे आजोबांना हवी ती बेरीज अखेर होतेच, फक्त शाळेच्या फाटकाबाहेर. ऑकलंडच्या इंजिनिअरिंगला तर कॅल्क्युलसची सतरा आणि फिजिक्सची सोळा क्रेडिट एक्सटर्नलच लागतात. वर कॅल्क्युलसची तीन एक्सटर्नल मांडली आहेत, त्यांची बेरीज बरोबर सतरा होते. तेरावीतले मूल कॉम्प्लेक्स नंबर्स सोडून देण्याचा विचार करते, तेव्हा ही बेरीज त्याला कोण सांगते?

माझ्या मते या पद्धतीची सगळी परीक्षा या एका प्रश्नात आहे. मोकळीक फार, पण तिचा नकाशा घरात असावा लागतो. आई-वडील विद्यापीठात शिकलेले असतील तर ते चौकशी करतात, शाळेत भेटतात, वाट आखतात. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी तेरावीपर्यंत पोचते आहे, तिथे शाळा सुचवेल ते निमूट घेतले जाते. मग एखाद्याजवळ ऐंशीच्या वर क्रेडिट जमतात, प्रमाणपत्रही मिळते, आणि त्यांच्या जोरावर विद्यापीठाचे एकही दार उघडत नाही. माओरी आणि पॅसिफिक घरांतल्या, तसेच कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या मुलांत युनिव्हर्सिटी एन्ट्रन्स मिळवणाऱ्यांचे प्रमाण सतत कमी राहिले आहे. जुन्या परीक्षेने त्यांना उघड नापास केले. नव्या पद्धतीने पास करून बाजूला ठेवले. यातले कोणते बरे, हे ठरवणे अवघड आहे.

क्रेडिट हे एकदा चलन झाले की हिशेबही सुरू होतात. ऑक्टोबरपर्यंत इंटर्नलवर पुरेशी जमली की नोव्हेंबरच्या परीक्षेला कशाला बसायचे, असा विचार मुले करतात. त्यात मुलांचा दोष नाही, नियमच तसा आहे. शाळांचे आकडेही वर्तमानपत्रांत छापून येतात, म्हणून शाळाही सोप्या क्रेडिटकडे वळतात. शिक्षकांचे वर्ष मूल्यमापनात संपते: काम नेमा, तपासा, सहकाऱ्याकडून पडताळून घ्या, नमुने ऑथॉरिटीकडे पाठवा. केंद्राकडून होणारी ही नमुना तपासणी गंभीरपणे होते, आणि आपल्या दहावीच्या वीस अंतर्गत गुणांची जी खैरात चालते तिच्यापेक्षा हे कितीतरी बरे. पण विषय तुकड्या-तुकड्यांनी शिकवला की तुकड्यांमधले नाते हरवते, ही तक्रार गणित आणि विज्ञानाचे शिक्षक सुरुवातीपासून करत आले आहेत. काही शाळा तर पहिल्यापासून समाधानी नव्हत्या; ऑकलंड ग्रामरसारख्या सरकारी शाळेनेही केंब्रिजच्या परीक्षांची वाट ठेवली.

निकष खरोखर स्वतंत्र असतात का, हा त्याहून जुना वाद. २००४ च्या स्कॉलरशिप परीक्षेत तो भडकला. ही तेरावीतल्या हुशार मुलांसाठीची वेगळी, बक्षिसाची परीक्षा. तिच्यात निकष काटेकोर लावले, तेव्हा काही विषयांत शिष्यवृत्त्या भरपूर आणि काही विषयांत अगदी मोजक्या, असे निघाले. देशभर गदारोळ झाला, चौकश्या बसल्या आणि २००५ मध्ये ऑथॉरिटीच्या मुख्याधिकारी पायउतार झाल्या. त्यानंतर स्कॉलरशिपचे प्रमाण प्रत्येक विषयात तिसऱ्या पातळीच्या मुलांच्या साधारण तीन टक्के राहील असे पाहिले जाऊ लागले. नेहमीच्या एक्सटर्नलमध्येही निकाल अपेक्षित पट्ट्याच्या फार बाहेर जाऊ नये, यावर नजर असते. म्हणजे शेजारच्या मुलाशी तुलना समोरच्या दाराने घालवली, ती मागच्या दाराने आत आली. यात लबाडी नाही. "सखोल समज" म्हणजे किती खोल, हे शब्दांत कितीही नेमके लिहिले तरी शंभर उत्तरपत्रिका समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

पद्धतीला श्रेय द्यायचे तर २०२० चे द्यावे लागेल. कोविडमध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा मिळवलेल्या दर पाच क्रेडिटमागे एक जादा दिले गेले. पहिल्या पातळीला कमाल दहा, वरच्यांना आठ. वर्षभरात जमलेले काम आधीच नोंदलेले असल्याने एका परीक्षेवाचून कोणाचे वर्ष बुडाले नाही. आपल्याकडे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर निकालाचे सूत्र शोधताना काय धावपळ झाली, ते आठवून पाहा.

पण वाचन-लेखन आणि अंकज्ञानाच्या अनिवार्य चाचण्या आल्या आणि झाकलेले उघडे पडले. गरीब वस्त्यांतल्या शाळांत त्यांत अडखळणारी मुले मोठ्या संख्येने निघाली. २०२४ मध्ये शिक्षण आढावा कार्यालयाने पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही, असा निष्कर्ष काढला. आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधान क्रिस्टोफर लक्सन आणि शिक्षणमंत्री एरिका स्टॅनफर्ड यांनी नवा आराखडा मांडला. पहिली पातळी रद्द. तिच्या जागी अकरावीत इंग्रजी आणि गणित सक्तीचे, आणि भाषा-अंकज्ञानाचे पायाभूत प्रशस्तिपत्र. बारावी आणि तेरावीला दोन नवी प्रमाणपत्रे. किमान पाच विषय घ्यायचे, त्यांतले चार पास व्हायचे. शंभरपैकी गुण, आणि ए ते ई श्रेणी.

हा बदल मला अर्धाच पटतो. विषय अखंड शिकवायचा हे योग्यच. क्रेडिटच्या सुट्या नाण्यांनी शिक्षणाची जी चिल्लर केली होती ती थांबायलाच हवी होती. पण शंभरपैकी गुणांनी न्याय होतो, या भाबडेपणातून आपण महाराष्ट्रात अजून बाहेर पडलेलो नाही. बेस्ट ऑफ फाइव्ह आले, नव्वदीपार टक्क्यांची गर्दी झाली आणि अकरावीच्या कटऑफमध्ये दशांशांची मारामारी सुरू झाली. आता आपल्या राष्ट्रीय धोरणात शाळेपासूनच क्रेडिट साठवण्याची भाषा आली आहे. ती राबवणाऱ्यांनी न्यूझीलंडचा हा सगळा इतिहास वाचावा, निदान क्रेडिटची साठवण विषयाच्या वरचढ होऊ न देण्यापुरता तरी.

जाहीर वेळापत्रकानुसार नवी व्यवस्था २०२८ मध्ये अकरावीपासून सुरू होऊन २०३० मध्ये तेरावीपर्यंत पोचेल. २०२५ साली तिथे आठवीत असलेली मुले तिची पहिली तुकडी. त्या साली नववीत किंवा त्यापुढे असलेली मुले एनसीईएच पुरी करतील. त्यांच्या पालकांनी शाळेत गेल्यावर एकूण क्रेडिट किती, हे विचारण्यात वेळ घालवू नये. मुलाला पुढे जे शिकायचे आहे त्यासाठी लागणारी एक्सटर्नल स्टँडर्ड त्याच्या विषयनिवडीत आहेत का, एवढेच विचारावे, आणि तेही बारावीची निवड होण्याआधी.