शुभेच्छापत्राचा कागद : बाहेरचा आणि आतला

धानाची रोवणी आटोपून निंदणही मागे पडले, की भाद्रपद-आश्विनात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना थोडी उसंत मिळते. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांची तयारीही याच दिवसांत करावी लागते. ज्या भगिनींच्या हाती बांबूच्या कामट्या तासून पातळ पट्ट्या विणण्याचे कसब आहे, त्यांना अशी पत्रे करणे कठीण नाही. ऊर्जानगर, दुर्गापूर, बल्लारपूर यांसारख्या नोकरदारांच्या वसाहती जवळ असल्यामुळे गिऱ्हाईकही फार दूर शोधावे लागत नाही. मात्र नक्षीकडे जेवढे लक्ष दिले जाते, त्याच्या चौथाईनेही कागदाकडे दिले जात नाही. विणकामात तासन्‌तास जातात आणि कागद मात्र जो हाती येईल तो घेतला जातो. मग पत्र घडीवर फुटते, चार दिवसांत कुबड काढते, किंवा आत लिहावयास घेतले की शाई पसरते. असे पत्र एकदा घेतलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. कच्च्या मालासाठी बचत गटाने काढलेले कर्ज मात्र फेडावेच लागते.

शुभेच्छापत्रात दोन कागद असतात. बाहेरचा जाड कागद हा पाया होय. त्याने घडी धरावयाची, उभे राहावयाचे आणि वरील नक्षीचा भार सोसावयाचा. आतला पातळ कागद लिहिण्यासाठी असतो. या दोहोंची कामे भिन्न आहेत. म्हणून एकच कागद दोन्हीकडे वापरण्याचा मोह टाळावा.

कागदाची जाडी दुकानात ‘जीएसएम’ या मापाने सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, एवढाच त्याचा अर्थ. वहीचा कागद साधारणतः ५५ ते ७० आणि झेरॉक्सचा ७० ते ८० जीएसएमचा असतो. पायासाठी २२० ते ३०० जीएसएमचा कागद घ्यावा. वर केवळ छाप किंवा रंगकाम असेल तर २२० पुरतो. बांबूच्या पट्ट्या चिकटवावयाच्या असतील तर २५० च्या खाली जाऊ नये, नाही तर पत्र पुढे झुकून पडते. ३०० च्या पुढचा कागद हाताने स्वच्छ दुमडत नाही. मागील बाजूस करडा असलेला पुठ्ठा स्वस्त मिळतो, परंतु तो घेऊ नये. रद्दी कागदाच्या आखूड तंतूंचा असल्याने तो घडीवर तडकतो आणि आतील करडा रंग रेघेसारखा बाहेर डोकावतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्टीकडे वळू. लाकडाप्रमाणे कागदालाही रेषा असते. पाटाच्या वाहत्या पाण्यात तणसाच्या काड्या टाकल्या तर त्या प्रवाहाच्या दिशेने वळतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. गिरणीत पातळ लगदा धावत्या जाळीवर पडतो तेव्हा त्यातील तंतूही असेच जाळीच्या चालीच्या दिशेने लांबट पडतात. हीच कागदाची रेषा. रेषेच्या समांतर घडी घातली तर ती सुतासारखी सरळ येते. रेषेला आडवी घातली तर तंतू मोडतात आणि घडीची धार खरबरीत होते.

रेषा ओळखण्यास कोणतेही यंत्र नको. कागदाचा १० सेंटिमीटर चौरस तुकडा घेऊन, न मोडता, आधी एका बाजूने व मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या बाकाच्या कण्याला समांतर रेषा असते. शंका राहिल्यास तुकड्याची एकच बाजू ओल्या फडक्याने पुसावी. तो नळीसारखा वळू लागतो, आणि नळीची लांबी ज्या दिशेला, तीच रेषा. फाडून पाहिल्यासही हेच कळते : रेषेने कागद सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा. दिशा कळताच गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बाण काढून ठेवावा.

याचा व्यवहारात उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ए-४ कागद २९७ मिलिमीटर लांब व २१० मिलिमीटर रुंद असतो आणि त्याची रेषा बहुधा लांबीला समांतर असते. हा अख्खा ताव मधोमध दुमडून मोठे पत्र केले, तर घडी रेषेला आडवी पडते. तोच ताव आधी कापून त्याचे २१० × १४८ मिलिमीटरचे दोन तुकडे केले व प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला, तर घडी रेषेच्या समांतर येते आणि एका तावात दोन सुबक पत्रे होतात. लहान पत्र मोठ्यापेक्षा चांगले का दुमडते, याचे पुष्कळांना कोडे पडते. त्याचे कारण बहुधा हेच असते. मोठेच पत्र हवे असेल तर मोठ्या आकाराची शीट आणून रेषा पाहून आपण कापावी. दुमडण्यापूर्वी पट्टी धरून बांबूच्या बोथट, गुळगुळीत घासलेल्या टोकाने घडीची रेघ दाबून घ्यावी. त्यासाठी विकतचे हत्यार आणण्याची गरज नाही.

हातकागदाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो करताना कारागीर लगद्यातून साचा उचलून हलवितो. त्यामुळे तंतू सर्व दिशांना गुंततात आणि रेषा फारशी उरत नाही. शिवाय हा कागद बहुधा सुती चिंध्यांचा असतो. कापसाचा तंतू लांब असतो, धानाच्या तणसाचा फारच आखूड. म्हणूनच तणसाचा कागद कडक पण ठिसूळ होतो, आणि सुती हातकागद अनेकदा दुमडूनही तुटत नाही. बल्लारपूर येथे १९४५ साली स्थापन झालेल्या कारखान्याच्या मूळ नावात कागदाबरोबर ‘स्ट्रॉ बोर्ड’, म्हणजे तणसाचा पुठ्ठा, हेही शब्द होते. या भागातील बांबूपासून त्याने अनेक वर्षे कागद केला. बांबूचा तंतू तणसाहून लांब असल्याने त्याचा कागद लिहिण्या-छापण्यास चांगला ठरतो. हातकागदाची परंपराही आपल्याला परकी नाही. शेजारच्या वर्ध्यात मगनवाडी येथे, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली हा उद्योग हाती घेतला होता, आणि पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. पायासाठी सुती हातकागद मिळत असेल तर तो उत्तमच. त्याच्या न कापलेल्या, दशीसारख्या कडा तशाच ठेवाव्यात. गिऱ्हाईक त्याच पाहून कागद हाती केल्याचे ओळखते.

परंतु हाच हातकागद आत लिहिण्यासाठी घालणे बहुधा चुकते. खडबडीत पृष्ठावर पेन अडखळतो, आणि खळ कमी असेल तर शाई टिपकागदासारखी शोषली जाते. पूर्वीचे कागदी हे जाणून होते. दौलताबादी व जुन्नरी कागदावर खळ चढवून तो दगडाने घोटत. म्हणून त्यावर बोरूची मोडी अक्षरे आजही न पसरता उभी आहेत. आज आतील कागदासाठी ९० ते १२० जीएसएमचा, गुळगुळीत पण न चकाकणारा बाँड कागद घ्यावा. झेरॉक्सचा कागद चालतो, पण त्यातून मागचे दिसते. चकचकीत आर्ट पेपर मुळीच नको. त्यावर जेल पेनची शाई वाळत नाही आणि हात लागताच फासते. खरेदीपूर्वी दुकानातच बॉलपेन, जेल पेन व शाईपेन या तिन्हींनी दोन-दोन शब्द लिहून, मिनिटभराने बोट फिरवून पाहावे. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

आतला कागद पायापेक्षा प्रत्येक कडेने ३ मिलिमीटर लहान कापावा. तो संपूर्ण चिकटवू नये. घडीलगत, मागच्या पानाच्या बाजूस, गोंदाची एक बारीक ओळ पुरे. दोन्ही कागदांची रेषा मात्र एकाच दिशेने, घडीला समांतर असली पाहिजे. दमट हवेत तंतू लांबीने फारसा वाढत नाही, जाडीने फुगतो. म्हणून कागद रेषेला आडवा पसरतो आणि वाळताना आडवाच आकसतो. दोन कागदांच्या रेषा परस्परांना आडव्या लागल्या, तर एक ओढतो व दुसरा अडवितो, आणि पत्र वाळल्या पळसपानासारखे वळते.

आपल्या जिल्ह्यांत हा दोष विशेष जाणवतो, याचे कारण हंगाम. पत्रे बनतात भाद्रपदाच्या ओलसर हवेत आणि विकली जातात कोरड्या दिवसांत. म्हणून आणलेला कागद कामाच्या खोलीत दोन दिवस सपाट ठेवून मग कापावा. ओलाव्याने भरलेल्या, झडीच्या दिवशी चिकटकाम करू नये. गोंद दाट व थोडा वापरावा. घरची तांदळाची किंवा मैद्याची खळ केल्यास तिला बुरशी व कसर लवकर लागते. बांधणीवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद घालीत. परंतु ते विष आहे, तेव्हा ज्या घरात लहान मुले आहेत तेथे ती रीत नको, आणि खळीचे भांडे स्वयंपाकाला तर कधीच नको. चिकटविलेली पत्रे रात्रभर सपाट फळीखाली वजन ठेवून दाबावी. बांबूच्या पट्ट्या पूर्ण वाळलेल्या असाव्यात. ओली पट्टी आकसताना पायाच्या कागदालाही ओढून नेते. सागाचे कोवळे पान चुरगळले की लाल रंग सुटतो, सबब पाने लावावयाची झाल्यास तीही रद्दीत दाबून वाळविलेलीच घ्यावीत.

ऊर्जानगर परिसरात आणखी एक अडचण आहे. औष्णिक विद्युत केंद्र व कोळशाच्या खाणी जवळ असल्याने बारीक धूळ घराघरांत येते. पांढऱ्या शुभ्र कागदावर, विशेषतः गोंदाने ओलसर झालेल्या बोटांनी, तिचे डाग उमटतात आणि ते पुसले जात नाहीत. पायासाठी मोतिया किंवा बदामी रंग निवडल्यास हा त्रास बराच कमी होतो. बांबूचा रंगही त्यावर अधिक खुलतो. हळदीने घरी रंगविलेला कागद मात्र उन्हात फिका पडतो. तयार पत्रे पूर्ण वाळल्यावरच पाकिटात बंद करावीत.

वजनाचाही हिशेब असावा, कारण टपालाचा दर वजनावर असतो. २५० जीएसएमच्या २१० × १४८ मिलिमीटरच्या तुकड्याचे वजन पावणेआठ ग्रॅम भरते, आतला ९० जीएसएमचा कागद अडीच ग्रॅमच्या आसपास. वर पाकीट आणि बांबू आलाच. गिऱ्हाईक पत्र टपालाने धाडणार असेल तर पट्ट्या पातळ ठेवाव्यात.

शंभर पत्रांना ए-४ आकाराचे पायाचे पन्नास व आतले पन्नास ताव लागतात. वाया जाण्यासाठी दोन्हींचे पाच-सहा जास्त धरावेत आणि सर्व कागद एकाच गठ्ठ्यातील घ्यावा, कारण गठ्ठा बदलला की रंगछटा बदलते. सर्व ताव एकदम कापू नयेत. प्रथम चारच पत्रे पूर्ण करावीत. त्यांपैकी एक खिडकीत, एक कपाटात व एक चुलीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात आठ दिवस उभे ठेवावे. चौथे रोज दहा वेळा उघडून मिटावे. आठव्या दिवशी घडी, कडा व शाई पाहून मगच उरलेल्या कागदाला कात्री लावावी.